मोजणीदार उस्ताद

उस्ताद माझ्या घरी पहिल्यांदा आले, तेव्हा चपला काढायच्या आधी त्यांनी खिशातून स्टीलचा टेप काढला. त्याचं टोक माझ्या हातात दिलं, "उंबऱ्याला लावून धरा, हलू नका," म्हणाले आणि सर्रकन टेप ओढत थेट स्वयंपाकघरात शिरले. मी उंबऱ्यापाशी वाकून उभी. शाळेच्या प्रयोगशाळेत पंधरा वर्षं मी मुलांना मोजपट्ट्या वाटत आले, पण उंबऱ्यापासून ओट्यापर्यंतचं अंतर इतक्या गंभीरपणे मोजणारा माणूस मी पाहिला नव्हता.

"चौदा फूट तीन इंच," आतून आवाज आला. मग शांतता. आता काहीतरी कळणार असं वाटून मी टेपचं टोक आणखी घट्ट धरलं.

"बाई," आतून पुन्हा आवाज, "दूध उतू गेलं."

रंगनाथ उस्तादांबद्दल गारखेड्यात दोन मतं होती. हा माणूस मेलेल्यांशी बोलतो, हे एक. हा माणूस भोंदू आहे, हे दुसरं. मी तीन वर्षं त्यांची शिष्या होते. मला विचाराल तर दोन्ही मतं जरा बाजूला ठेवून मी आधी एवढंच सांगेन की ते भूमी अभिलेख खात्यातले निवृत्त मोजणीदार होते. सगळी नोकरी त्यांनी लोकांची शेतं मोजण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर मोजायला शेत उरलं नाही, म्हणून त्यांनी परलोक मोजायला घेतला.

'उस्ताद' हे नावही नोकरीतलंच. जमीन मोजायची साखळी ओढणारा एक म्हातारा शिपाई सगळ्यांनाच उस्ताद म्हणायचा. बाकीच्यांचं ते नाव गळून पडलं, यांना चिकटलं. मूळचे ते गंगापूरच्या पुढच्या एका गावचे. घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. बसायला त्यांच्याकडे बापाचं काळं घोंगडं होतं, त्यावर पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट आणि खिशाला दोन पेनं लावून ते मांडी घालून बसत. भस्म नाही, माळ नाही, धूप नाही. नवा माणूस आला की इकडेतिकडे बघत विचारायचा, "बाबा कुठं आहेत?" उस्ताद म्हणायचे, "बाबा रजेवर हायेत. काम काय ते सांगा."

दर बुधवारी आणि शनिवारी दुपारी चारला त्यांच्या दोन खोल्यांत बैठक भरायची. ते तिला बैठक म्हणत नसत. तारीख म्हणत. "पुढची तारीख बुधवार." आत्म्याला बोलावण्याची पद्धतही कचेरीतलीच. आधी समोर आलेखाचा कागद पसरायचा. त्यावर घराचा नकाशा, दारं-खिडक्या, दिशा. माणूस कुठं गेला, कुठल्या खाटेवर, डोकं कुठल्या बाजूला, ते लाल पेनानं. मग खणखणीत आवाजात पुकारा व्हायचा.

"मयत सखूबाई, हजर हायेत का? सखूबाई? सखूबाई? तिसरा पुकारा झाला बरं का!"

यावर आमच्यातले वाघचौरे भाऊसाहेब हमखास काहीतरी आडवं घालायचे. भाऊसाहेब निवृत्त तलाठी. तलाठी आणि मोजणीदार यांचं खात्यात कधी पटत नाही, आणि हे दोघं ते भांडण परलोकातही घेऊन गेले होते.

"उस्ताद, पण सखूबाईंची वारस म्हणून हीच सून कशावरून? मोठी सूनपण आहे ना?"

"भाऊसाहेब, तुमी गप बसा. इथं नोंद करायची नाय, मोजायचंय. आधी हद्द कायम, मग बोलणं!"

'आधी हद्द कायम' हा त्यांचा पालुपदाचा शब्द. त्यांचं म्हणणं असं, की मेलेल्या माणसाला लई जागा लागत नाही. पण त्याची हद्द कुणी ठरवून दिली नाही तर तो घरभर फिरतो, कपाटात सापडतो, गाण्यात सापडतो, भाजीच्या वासात सापडतो, आणि मागं राहिलेल्यांना धड बसू देत नाही. हद्द ठरली की तो आपल्या जागेवर, आपण आपल्या जागेवर. मग दोघांनी बांधावर येऊन दोन शब्द बोलावेत.

त्यांचा दुसरा शब्द, 'मौका'. मौका म्हणजे प्रत्यक्ष जागा. "मौका पाहिल्याबिगर मी बोलत नाय," असं ते छातीवर हात ठेवून सांगत. आणि खरंच, संभाजीनगरच्या कुठल्याही कोपऱ्यात, कडक उन्हात, छत्री घेऊन ते माणसाचं घर बघायला जात. रिक्षात बसताना आधी शेजारच्या रिकाम्या जागेला "जरा सरका" म्हणत. रिक्षावाला एकदा चिडला. "चाचा, कोई नहीं है उधर." उस्ताद म्हणाले, "तो फिर उसको क्या तकलीफ है? तू चल."

उस्तादांच्या वरच्या मजल्यावर बँकेतले एक गृहस्थ राहायचे. त्यांना फ्लॅट विकायचा होता. गिऱ्हाईक जिना चढत असताना उस्तादांनी अगदी आपुलकीनं सांगितलं, "घ्या, चांगलं घर हाय. स्वयंपाकघरात एक वयस्कर गृहस्थ उभे असत्यात, पण त्यांचा काही त्रास नाय." ते गृहस्थ त्यानंतर वर्षभर उस्तादांशी बोलले नाहीत, आणि फ्लॅटही वर्षभर विकला गेला नाही.

पण निरोप! उस्तादांकडून येणारे निरोप हा एक वेगळाच प्रकार होता. लोक काय काय आशा धरून यायचे, आणि मेलेली माणसं बोलायची काय, तर, "तुमच्या सासूबाई म्हणतात, लोणच्याला यंदा मीठ कमी पडलंय." "तुमचे वडील म्हणतात, दाढी करताना कानाखालची राहती तुझी." एकदा एक जण पुरलेल्या सोन्याची जागा विचारायला आला. उस्ताद म्हणाले, "खणायचं खातं वेगळं हाय. हे मोजणीचं." एका बाईला जावेवर काहीतरी करणी करून हवी होती. तिला त्यांनी दारातच उभं केलं. "जित्या माणसाची मोजणी इथं होत नाय. जा, जावंच्या घरी जा, आन्‌ तिच्या हातचं खाऊन या." कुणाकडून पैसा घेतला नाही. नारळ आणला तर तो फोडून तिथंच सगळ्यांना वाटत. सासूच्या लोणच्याचा निरोप ऐकून ती सून जी हसली आणि हसता हसता जी रडली, ते मी पाहिलं आहे. लोणच्यात मीठ कमीच होतं म्हणे.

आता मी तिथं कशी गेले ते सांगते.

माझे यजमान, विलास, वाळूजला कारखान्यात होते. त्या दिवशी सकाळची पाळी. मी चटणी वाटत होते, मिक्सर चालू. ते डबा घेऊन दारापर्यंत गेले, तिथून वळून काहीतरी बोलले. मला ऐकू आलं नाही. मिक्सर बंद करायचं माझ्या जिवावर आलं. मी हातानंच खूण केली आणि ओरडले, "संध्याकाळी सांगा!" ते हसले की नाही, तेही मला नीट आठवत नाही. दुपारी यंत्राजवळ ते बसले ते उठलेच नाहीत.

एक वाक्य होतं. पाच-सहा शब्दांचं असेल. कदाचित "येताना दूध आणू का" एवढंच असेल. पण ते काय होतं हे मला कळायला हवं होतं. हे मी कुणाला सांगितलं तर लोक म्हणायचे, "अहो, आता त्याचं काय एवढं?" म्हणून मी सांगणं सोडलं. विज्ञानाच्या प्रयोगशाळेत काम करणारी बाई मी, काचेच्या नळ्या धुणारी, अ‍ॅसिडच्या बाटलीवर चिठ्ठी लावणारी. मी एका शनिवारी चपला घातल्या आणि उस्तादांकडे गेले.

माझी केस त्यांनी फार मन लावून घेतली. घरी येऊन मोजलं, ते मघाशी सांगितलंच. मिक्सर कुठं होता? दार किती उघडं होतं? डबा उजव्या हातात की डाव्या? आवाज खालचा होता की वरचा? सगळं लाल पेनानं लिहिलं. मग पुकारा. "विलास, हजर हायेत का? विलास? विलास?" उस्तादांनी डोळे मिटले. बराच वेळ तसेच बसले. मग डोळे उघडून म्हणाले, "खुणा मिळत नायत, बाई. पुढची तारीख."

ती पुढची तारीख अडीच वर्षं चालली.

माझ्या मागून आलेल्यांना निरोप मिळायचे, पंधरा-वीस मिनिटांत. एकाला तर मेलेल्या पोपटाचा निरोप मिळाला. मला मात्र दर वेळी, "खुणा मिळत नायत." एके दिवशी माझा धीर सुटला. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "उस्ताद, पोपट येतो आणि माझा नवरा येत नाही? तुमचं माझ्याशी काही वाकडं आहे का?"

भाऊसाहेब खाली बघायला लागले. उस्ताद मुळीच रागावले नाहीत. टेप गुंडाळत म्हणाले, "तुमच्या माणसाचा दोष नाय, बाई. मोजणारा कमी पडतोय." आणि नकाशाची घडी घालून त्यांनी ती जपून फायलीत ठेवली. रागात मी दोन तारखा गेले नाही. तिसऱ्या तारखेला गेले.

महिन्यातल्या पहिल्या शनिवारी लासूर स्टेशनहून कौसाबाई यायच्या. साठी ओलांडलेल्या, बाजाराच्या दिवशी भाजी विकणाऱ्या. त्यांचा मुलगा संतोष बावीस वर्षांचा असताना घरातून निघून गेला होता. नऊ वर्षं झाली होती. उस्तादांनी त्यांची मोजणी कधी केली नाही. पुकाराही केला नाही. "तो मयत नाय, त्याला कशाला पुकारायचं?" असं म्हणून ते नुसते डोळे मिटायचे आणि सांगायचे, "बरा हाय. कामावर हाय. आईची सय काढतो." कौसाबाई मान डोलवायच्या. मग दोघं संतोषबद्दल बोलत बसायचे. तो लहानपणी गूळ कसा चोरायचा, कुत्र्याला कसा भ्यायचा. पाचच्या गाडीला त्या उठायच्या.

आणि मग ते झालं. दूरच्या राज्यातल्या पोलिसांनी जुने कागद तपासताना असं निघालं, की रुळांजवळ सापडलेला एक बेवारस मृतदेह संतोषचाच होता. घरातून गेला त्याच वर्षी.

कौसाबाईंचे जावई, मुलीचा नवरा, तडक ठाण्यात गेले आणि उस्तादांविरुद्ध तक्रार दिली. वर्तमानपत्रात फोटो आला. छत्री काखेत, तोंड अर्धवट उघडं. भोंदूगिरीविरुद्ध काम करणारी मंडळी फलक घेऊन बिल्डिंगखाली उभी राहिली. त्यातली दोन मुलं आमच्या शाळेतली माजी विद्यार्थी निघाली. मला बघून ती ओशाळली आणि मी त्यांच्याहून जास्त. वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी त्या सगळ्यांना पाणी दिलं.

बुधवारी मी चारला गेले तर घोंगड्यावर उस्ताद एकटेच. भाऊसाहेबांचा फोन आला होता म्हणे, "पेन्शनचं एक काम अडकलंय, माझं नाव कुठं यायला नको." बाकीच्यांनी फोनही केला नव्हता. माझ्या मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "बाई, तुम्ही तिथं जाता? तुम्ही? प्रयोगशाळेतल्या?" मी हो म्हणाले. त्यांनी बराच वेळ टेबलावरचा पृथ्वीचा गोल फिरवला आणि मला जायला सांगितलं.

ठाण्यात बोलावणं आलं त्या दिवशी मी अर्धी रजा टाकून उस्तादांबरोबर गेले. साहेबांसमोर एका बाजूला जावई, तिशी-पस्तिशीचा, डोळे सुजलेला माणूस. त्याच्या मागं बाकावर कौसाबाई, पदर डोक्यावरून पुढं ओढलेला.

जावई बोलायला लागला तेव्हा मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही.

"साहेब, दर दिवाळीला आमच्या सासूबाई त्याच्यासाठी नवा शर्ट शिवून घेतात. नऊ शर्ट हायेत पेटीत. घडी मोडलेली नाय. आमी त्याचं काही केलं नाय, पाणीसुद्धा सोडलं नाय. का? तर हे म्हणत्यात, बरा हाय, कामावर हाय! नऊ वर्षं एका आईला वाट बघायला लावली यांनी. हे माणूस हाय का?"

साहेबांनी उस्तादांकडे पाहिलं. "तुम्ही त्या मुलाला बघितलं होतं? कुठून कळलं तो जिवंत आहे?"

मला वाटलं, आता ते त्यांची भाषा सुरू करतील. हद्द, खुणा, पुकारा. पण उस्ताद शाळेतल्या मुलासारखे उभे राहिले.

"नाय साहेब," ते म्हणाले. "मौका पाहिला नव्हता."

"मग सांगितलंत कशाच्या जोरावर?"

"जोर कसला, साहेब. बाई समोर बसल्या व्हत्या. त्यांच्या पोराला मयत म्हणायला माझी जीभ उचलली नाय."

"म्हणजे खोटं बोललात."

"व्हय. खोटं बोललो."

जावई हुंदका आवरत दुसरीकडे बघायला लागला. तेवढ्यात बाकावरून कौसाबाई उठल्या. पदर मागं सारला. मी त्यांचा चेहरा इतका उजेडात कधी पाहिला नव्हता.

"साहेब, मी बोलू का?"

"बोला."

"ह्यांनी मला फसवलं नाय. मला ठावं व्हतं."

"काय ठावं होतं?"

"पहिल्यांदा म्हणले, पोरगं बेकरीत कामाला हाय. दोन महिन्यांनी म्हणले, लोखंडाच्या कारखान्यात. मी भाजी इकते, साहेब. खोटं बोलणारं माणूस मला कळतंय. त्याच दिवशी मी समजले. आन्‌ आई हाय मी. मला त्याच्या बी आधी कळलं व्हतं."

"मग दर महिन्याला एवढ्या लांबून का येत होता?"

कौसाबाईंनी जावयाकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता.

"घरात कुणी त्याचं नाव घेत नाय, साहेब. मला वाईट वाटंल म्हणून नाय घेत. लेक घेत नाय, हे बी घेत नायत. चांगलीच हायेत ती. पण नऊ वर्षं माझ्या संतोषचं नाव कुणी घेतलं नाय. ह्यो एकटा माणूस घ्यायचा. म्हणायचा, संतोष गुळाला कसा हात मारायचा, सांगा की पुन्यांदा. तेवढं ऐकायला मी यायची."

ठाण्यातला पंखा खडखडत होता. जावई उठला, सासूजवळ गेला आणि बाकावर तिच्या शेजारी बसला.

शेवटी उस्तादांनी लिहून दिलं, की यापुढे असलं काही करणार नाही. जावयानं तक्रार मागं घेतली. निघताना साहेबांनी उस्तादांना बाजूला घेऊन विचारलं, "आमच्या वडिलांच्या शेताचा बांध जरा वादात आहे, मोजणीचा नियम काय असतो हो?" उस्तादांनी त्यांना नियम सांगितला.

त्या दिवशी घरी परत येताना माझ्या लक्षात आलं, की अडीच वर्षं मीही त्याचसाठी जात होते. आठवड्यातून दोनदा कुणीतरी मोठ्यानं "विलास" म्हणायचं.

तारखा बंद झाल्या. तरी बुधवारी चार वाजले की मला चैन पडायचं नाही, मी जायचे. ते घोंगड्यावर बसलेले असत, समोर कागद नाही, पेन नाही. मी फुटाणे न्यायचे. बोलणं फारसं नसायचं. अशाच एका बुधवारी मी विचारून टाकलं.

"उस्ताद, कधी कुणी बोललं का हो तुमच्याशी? खरंच? एकदा तरी?"

"नाय," ते म्हणाले. "कान लावून बसायचो, बाई. खोटं नाय सांगत, दर बारीला वाटायचं, आज कुणीतरी बोलंल. मंग समोरच्या माणसाचं तोंड बघून जे सुचंल ते सांगायचो. लोणचं, दाढी... घरोघरी तेच असतंय."

"मग मला का नाही सांगितलंत? माझ्यासाठी काय, पाच शब्द जुळवायचे होते."

उस्ताद बराच वेळ फुटाण्याची सालं गोळा करत राहिले.

"पहिल्याच दिवशी जुळवले व्हते. ओठावर व्हते. तुमी मानलं बी असतं. पण मंग जन्मभर तुमच्याजवळ माझं वाक्य राहिलं असतं, बाई. त्याच्या वाक्याची जागा मी भरून टाकली असती. दुसऱ्यांनी निरोप मागितला, तो कसलाबी चालतो. तुमी त्याचं बोलणं मागत व्हता. ते जसं गेलं तसंच ऱ्हाऊ द्यावं, असं वाटलं."

मी रडले. बऱ्याच दिवसांनी रडले, आणि मला बरं वाटलं. ते वाक्य मला अजून माहीत नाही. पण ते त्यांचंच आहे, दुसऱ्या कुणाचं नाही, हे मला आता कळलं होतं.

डोळे पुसल्यावर मी विचारलं, "आणि तुम्हाला? तुम्हाला कुणाशी बोलायचं होतं?" त्यांनी लग्न केलं नव्हतं. आईबाप केव्हाच गेलेले. मला वाटलं आईचं नाव घेतील.

"माझा माणूस मयत नाय," उस्ताद म्हणाले. "गंगापूरच्या पुढं हाय. मेंढरं राखतो."

थोरला भाऊ. दगडूदादा. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. त्यांच्या शेताचा शेजाऱ्याशी वाद होता, आणि मोजणीला वरिष्ठ आले तेव्हा साखळीचं एक टोक धरायला नेमका रंगनाथ होता. भाऊ जवळ येऊन हळूच म्हणाला, "रंग्या, साखळी जरा ढिली धर." ढिली धरली असती तर मापात फरक पडून बांध वाचला असता; रंगनाथनं ती ताठ धरली. बांध दहा हात आत सरकला, आणि बापानं लावलेला आंबा शेजाऱ्याच्या हद्दीत गेला. दादा त्या आंब्याखाली उभा राहून म्हणाला, "आजपासून तू आमाला मेलास." चाळीसहून जास्त वर्षं झाली. दीड-दोन तासांच्या वाटेवर भाऊ होता, आणि या माणसानं त्या वाटेवर पाऊल टाकलं नव्हतं.

"साखळी ढिली धरायला पाहिजे होती का?" मी विचारलं.

"नाय," ते लगेच म्हणाले. मग थोड्या वेळानं, "पण रातच्याला घरी जाऊन त्याच्याजवळ बसायला पायजे व्हतं. मी थेट कचेरीत गेलो. नकाशा पुरा करायला."

"रविवारी मला सुट्टी असते," मी म्हणाले.

त्यांनी तीन रविवार टाळले. एकदा पोट दुखलं, एकदा छत्री सापडेना, एकदा जीपला गर्दी असेल म्हणाले. चौथ्या रविवारी मीच रिक्षा घेऊन दारात गेले. गंगापूरपर्यंत एसटीनं, तिथून शेअर जीपनं. जीपमध्ये आम्ही चौदा जण होतो. उस्तादांच्या मांडीवर कुणाची तरी कापडी पिशवी, खांद्यावर एका पेंगणाऱ्या म्हाताऱ्याचं डोकं. जगभराची बडबड करणारा हा माणूस त्या वाटेवर एक अक्षर बोलला नाही. फाट्यावर उतरलो तेव्हा त्यांनी खिशातून कंगवा काढून केस विंचरले. दोनदा.

घर सापडलं. पत्र्याचं, पुढं कडुनिंब. ओसरीत एक म्हातारी बाई गवारीच्या शेंगा मोडत होती. तिनं आधी मला पाहिलं, मग उस्तादांना. तिच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"भावजी?"

"व्हय, वहिनी."

तिनं शेताकडे पाहिलं. लांब, बाभळीखाली मेंढरं होती, आणि त्यांच्यात काठीवर रेलून एक उंच म्हातारा. तो आमच्याकडेच बघत होता. उस्तादांनी अर्धवट हात वर केला. म्हातारा वळला. आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

वहिनी उठली आणि बांधाबांधानं त्याच्याकडे गेली. दोघं काय बोलले ते ऐकू येणं शक्य नव्हतं. तो हात हलवून काही सांगत होता, ती मान हलवत होती. उस्ताद ओसरीच्या कडेला टेकले. दोन्ही हात गुडघ्यांवर. मी दुसरीकडे बघत राहिले.

वहिनी परत आली ती सरळ चुलीकडे गेली. बऱ्याच वेळानं दोन स्टीलचे पेले घेऊन बाहेर आली. एक मला दिला. दुसरा उस्तादांसमोर ठेवून खालच्या आवाजात म्हणाली, "बोलणार नाय म्हणलेत. येणार बी नायत. चहा दे म्हणलेत." आणि आत जाता जाता थांबली. "साखर दोन चमचे जास्ती घाल म्हणले, त्याला गोड लागतंय."

मी माझा चहा पिऊन टाकला. परतीची जीप तीनला होती. बाभळीखालची पाठ अजून तशीच होती. उस्ताद पेला दोन्ही हातांत धरून तिकडे बघत होते, आणि मधूनच एक बारीक घोट घेत होते.

"उस्ताद," मी म्हणाले, "चहा निवून जाईल."

"निवू द्या, बाई," ते म्हणाले. "संपला की उठावं लागंल."